स्कोकी लगून्स आणि फुगवायचा कयाक: मोटर घेण्याआधी हे वाचा

तुमचे दोन प्रश्न आहेत: फुगवायच्या कयाकला, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीला, छोटी ट्रोलिंग मोटर (होडीची बॅटरीवरची मोटर) लावून शिकागोजवळच्या स्कोकी लगून्सच्या तळ्यांवर नेली तर चालेल का, आणि जूनमध्ये येणाऱ्या सासऱ्यांना गळ टाकायला लायसन लागेल का. पहिला प्रश्न वाचून पोटात गोळाच आला. याच मोटरपायी माझा अख्खा सीझन वाया गेलाय.

कयाक फुगवायचा कसा वगैरे सांगत बसत नाही. थेट मुद्द्यावर येतो.

"इलेक्ट्रिक चालते" हे उत्तर फोनवर लगेच मिळतं आणि ते खरंही आहे. लगून्सवर पेट्रोलच्या इंजिनाला बंदी आहे, इलेक्ट्रिकला नाही. घोळ त्यापुढे आहे. इलिनॉयमध्ये नुसत्या वल्ह्यावर चालणाऱ्या कयाकची नोंदणी करावी लागत नाही. त्यावर मोटर चढवली, मग ती भले 30 पौंड थ्रस्टची, म्हणजे रेट्याची, का असेना, की कायद्याच्या लेखी ती मोटरबोट झाली. मग नोंदणी आली, नंबर आला, स्टिकर आला. मी ज्या ऑफिसात विचारलं त्यांनी यातलं अवाक्षर काढलं नाही. त्यांनी जागेचा नियम सांगितला. नोंदणीचं खातं राज्याचं, वेगळं. एका टेबलावरचा माणूस दुसऱ्या टेबलाचं आपणहून सांगत नाही, हे तहसील कचेरीत उमेदवारी केलेल्या आपल्या लोकांना तरी कळायला हवं!

नोंदणीत अडतं ते हल नंबरावर, म्हणजे कारखान्याने बोटीच्या अंगावर घातलेल्या ओळख-नंबरावर. 12 अक्षरी-अंकी नंबर असतो, बोटीच्या मागच्या टोकाला उजव्या बाजूला. फुगवायच्या कयाकवर तो बरेचदा छापलेला किंवा चिकटवलेला असतो, आणि घडी घालून घालून पुसला जातो. म्हणून पेटी उघडल्याबरोबर फोटो काढा, आणि विकत घेतानाच पावतीवर तो नंबर लिहून घ्या. ऑनलाइन पावतीवर नुसतं "कयाक, निळा, 1 नग" असतं. तेवढ्यावर कागद परत येतात. सेकंडहँड घेताय आणि नंबर सापडत नाही? तर सौदा सोडा.

पुढची कटकट म्हणजे मिळालेला नंबर पुढच्या बाजूला दोन्हीकडे, किमान 3 इंच उंचीच्या ठळक अक्षरांत लागतो. पीव्हीसीवर साधे स्टिकर उन्हात सुटतात. पातळ प्लास्टिकच्या दोन पट्ट्यांवर अक्षरं चिकटवा आणि पट्ट्या पुढच्या डी-रिंगांना (दोरी बांधायच्या कड्यांना) घट्ट बांधा. (मी वकील नाही. नियम बदलतात, त्या वर्षीचे राज्याच्या संकेतस्थळावर बघून घ्या.)

आता माझं मत विचाराल तर मोटर घेऊच नका. तसली मोटर फुल स्पीडला साधारण 30 अँपियर ओढते, म्हणजे 50 अँपिअर-अवरची बॅटरी दोन तासही पुरत नाही. शिवाय पाणी उथळ, शेवाळ पंख्याला गुंडाळतं, आणि लगूनांच्या मधल्या दगडी बंधाऱ्यांवर पाणी कमी असलं की कयाक उचलून न्यावा लागतो. बॅटरीसकट उचलून बघा एकदा! 1933 पासून सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कॉर्प्स या सरकारी रोजगार योजनेतल्या पोरांनी दलदल खणून ही सात लगूनं केली. खोल पाण्याची अपेक्षा ठेवूच नका. मोटर लोकांना हवी असते ती उलट्या वाऱ्याशी झगडायला. त्याला उपाय फुकट आहे: टॉवर रोडच्या धक्क्यावरून सकाळी लवकर निघा, आधी वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे दमल्यावर वारा घरी आणून सोडतो. फुगवलेला कयाक पाण्यावर पानासारखा बसतो, उलट वाऱ्यात तो वल्ह्याला दाद देत नाही. मागचं फिन (तळाला लावायचा पर) विसरलात तर जागच्या जागी गोल फिराल. विलो रोडच्या बाजूच्या मोठ्या बंधाऱ्याजवळ मात्र जायचंच नाही, पावसानंतर तर मुळीच नाही. 13 वर्षांखालच्या मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट हवंच, मोठ्यांचं निदान बोटीत तरी हवं.

सासऱ्यांचं लायसन: 16 वर्षं पूर्ण झालेल्यांना लागतं, पाहुण्यांनाही. ज्येष्ठांची सवलत राज्यातल्या रहिवाशांना आहे, ती बघून चुकीचं लायसन काढू नका. त्यांच्यासाठी 24 तासांचं पुरे. आणि जूनमध्येच येतायत ना? फादर्स डेच्या (जूनचा तिसरा रविवार) वीकेंडला इलिनॉयमध्ये बिनलायसनची मासेमारी असते, तारखा जुळतात का बघा. त्यांना बास वगैरे शिकारी माशांच्या नादी लावू नका. 8 किंवा 10 नंबरचा बारीक गळ, गांडुळाचा नखाएवढा तुकडा, फ्लोटखाली (पाण्यावर तरंगणाऱ्या बोंडाखाली) दोन-अडीच फूट दोरा, आणि किनाऱ्यालगत ब्लूगिल हे छोटे मासे. पाच मिनिटांत फ्लोट बुडाला की म्हातारा माणूस खूश. गांडूळ अख्खं लावलंत तर ब्लूगिल कडेकडेने कुरतडून नेतात, गळ रिकामा येतो.

पक्ष्यांसाठी मे महिन्याचा मध्य उत्तम, तेव्हा वॉर्बलर्स हे चिमुकले स्थलांतरी पक्षी असतात. जूनमध्ये ग्रेट ब्लू हेरॉन हा मोठा बगळा तर दिसेलच, पण सासऱ्यांना रातबगळा दाखवा, तोच आपल्याकडचा. दिवसा पाण्यावर झुकलेल्या फांदीत मान आखडून बसलेला असतो. कयाक वल्हवायचा थांबवून नुसता वाहू द्या, म्हणजे उडत नाही.

आणि घरी आल्यावर सगळ्यांचे पायमोजे उलटे करून गोचीड तपासा. सासऱ्यांना आधीच सांगा, नाहीतर ते म्हणतील तीळ आहे.