'असे समजते' म्हणजे कोणाला समजते?

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा संशोधन आराखडा मिळाला आणि दोनदा वाचून झाला. आधुनिकतेपासून उत्तर-आधुनिकतेपर्यंतची सगळी पत्रकारिता तू शीर्षकात बांधली आहेस. एखाद्या जाडजूड ग्रंथाला ते शोभेल, पण हाताशी कोणी मदतनीस नसताना एका विद्यार्थिनीने सहा-आठ महिन्यांत पेलावे असे ते नाही. पहिली नऊ पाने व्याख्यांत गेली आहेत आणि प्रत्यक्ष बातमी दहाव्या पानावर भेटते. हा क्रम उलटा कर, एवढेच मला मुख्यतः सांगायचे आहे.

बातमीच्या शेवटी येणारे 'असे समजते' हे दोन शब्द घे. कोणाला समजते आणि कोणाकडून, हे ते वाक्य सांगत नाही. बातमीदार त्यात आहे, पण व्याकरणाने त्याला पडद्याआड ठेवले आहे. 'अशी चर्चा आहे', 'असे बोलले जाते' ही त्याचीच भावंडे. आता शेजारी असा एखादा वृत्तान्त ठेव, ज्यात बातमीदार लिहिते, 'मी तेथे पोहोचले तेव्हा दार बंद होते.' सत्य बाहेर, सर्वांसाठी एकच असते आणि सांगणारा जितका बाजूला सरेल तितके ते स्वच्छ दिसते, असा आधुनिकतेचा विश्वास पहिल्या वाक्यामागे आहे. दुसऱ्या, उत्तर-आधुनिक वळणाच्या वाक्याला तो विश्वास पुरेसा वाटत नाही. सांगणारी कोठे उभी होती हे कळल्याशिवाय सांगितलेल्याचे मोल ठरत नाही, असे ते धरून चालते. तू नऊ पाने ज्या वादाला दिलीस, तो या दोन वाक्यांत समोरासमोर उभा आहे. समाजशास्त्रज्ञ गे टकमन यांनी १९७२ साली वस्तुनिष्ठतेला डावपेचाचा विधी म्हटले, ते याच ठिकाणी उपयोगी पडेल. दोन्ही बाजू मांडणे, दुसऱ्याचे शब्द अवतरणचिन्हांत ठेवणे या सवयी बातमीदाराला टीकेपासून आणि अब्रुनुकसानीच्या दाव्यांपासूनही वाचवतात, हे त्यांनी दाखवले. कात्रण आधी समोर असले की हे म्हणणे आपोआप पटते किंवा खटकते. दोन्हींतून काही तरी लिहिता येते.

उत्तर-आधुनिक काळात खरे आणि कल्पित यांतली सीमा पुसली गेली, हे तुझे विधान मात्र मी लाल शाईने वेढले आहे. ऑगस्ट १८३५ मध्ये 'न्यूयॉर्क सन' या एका सेंटच्या दैनिकाने सहा भागांची लेखमाला छापली. जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञांना नव्या दुर्बिणीतून चंद्रावर वटवाघळासारखे पंख असलेली माणसे दिसली, असा तिचा दावा होता. सगळे बनावट होते, आणि हे दैनिक तर आधुनिक, स्वस्त, सर्वांसाठीच्या वृत्तपत्राचा आद्य नमुना म्हणून शिकवले जाते. म्हणजे थाप नवी नाही. पण ती थाप खपावी म्हणून लेखकाला दुर्बीण, शास्त्रज्ञाचे नाव आणि शास्त्रीय अहवालाची भाषा उसनी घ्यावी लागली, हे पाहा. विज्ञान बोलले की ऐकायचे, ही मान्यता वाचकांत पक्की होती. फ्रेंच तत्त्वज्ञ ल्योतार यांनी १९७९ मध्ये उत्तर-आधुनिकतेची ओळख महाकथनांवरील, म्हणजे विज्ञान, प्रगती यांसारख्या सगळ्याचा अर्थ लावू पाहणाऱ्या मोठ्या कथांवरील, अविश्वास अशी करून दिली. त्या अर्थाने बदलले असेल तर ते खोटे बोलणे नव्हे, खोट्याला कोणाची साक्ष काढावी लागते ते बदलले. आजच्या एखाद्या बनावट बातमीत साक्षीदार कोण आहे, हे तपासून बघ. मला हा प्रश्न तुझ्या मूळ शीर्षकापेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

तारायंत्रामुळे उलट्या पिरॅमिडची, म्हणजे सर्वांत महत्त्वाचे आधी आणि तपशील मागाहून सांगणारी, बातमी जन्मली, हेही वाक्य काढून टाक. वॉशिंग्टन-बाल्टिमोर तार १८४४ मध्ये सुरू झाली, पण तो साचा रुळायला पुढे अनेक दशके लागली, म्हणून नुसत्या यंत्राचे कारण पुरत नाही. फ्रेंच विचारवंत बोद्रियार यांनी १९९१ चे आखाती युद्ध झालेच नाही असे लिहिले, त्याचा अर्थ बाँब पडलेच नाहीत असा घेऊ नकोस. पडद्यावर दिसलेल्या युद्धाविषयी ते बोलत होते. (त्यांचे अर्धे विरोधक आणि बरेच चाहते येथेच घसरतात.)

माझी स्वतःची एक चूक सांगतो. विद्यार्थी असताना मी दोनशेच्या आसपास कात्रणे दोन खोक्यांत भरली होती, एक आधुनिक आणि दुसरे उत्तर-आधुनिक. जी कोठेच बसेनात ती 'इतर' असे लिहिलेल्या पाकिटात घातली आणि प्रबंधात त्यांचा उल्लेखही केला नाही. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी खोक्यांना हात लावला नाही. पाकीट उघडून त्यांनी एक अग्रलेख काढला, ज्यात संपादक ठाम निर्णय देत होता आणि त्याच परिच्छेदात स्वतःच्या अधिकाराची थट्टाही करत होता, आणि 'याचे काय करायचे?' असे विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हा खोकी करूच नकोस. एका बातमीत दोन्ही प्रवृत्ती कोणत्या ओळीत शेजारी येतात, ते ओळ क्रमांकासह टिपून ठेव.

नमुना निवडताना सलग सात दिवसांचे अंक घेऊ नकोस. एखादी मोठी घटना सगळा आठवडा गिळून टाकते. एका आठवड्यातला सोमवार, दुसऱ्यातला मंगळवार, असा आठवडा जुळवून घे. संकेतस्थळावरची बातमी जतन करताना तारीख आणि वेळ लिही, आणि काही तासांनी तीच पुन्हा उघड. छापील वृत्तपत्र चूक झाल्यास दुसऱ्या दिवशी दुरुस्ती देत असे आणि पहिला मजकूर पुरावा म्हणून उरत असे. पडद्यावर मथळा बदलतो आणि जुना कोठे गेला ते कळत नाही. हा तुझ्या विषयाचाच भाग आहे, केवळ साधनांची अडचण नव्हे. वीस बातम्या एखाद्या मैत्रिणीला वेगळ्याने वाचायला दे. तुमची मते जेथे जुळणार नाहीत, तेथे तुझी व्याख्या कच्ची आहे किंवा बातमीच दोन अर्थांची आहे; कोणते खरे, हे ठरवण्यात तुझा एक अख्खा दिवस जाईल, तो जाऊ दे.

पुढच्या वेळी आराखडा पाठवू नकोस. 'असे समजते' असलेली पंधरा कात्रणे आणि प्रत्येकाखाली चार-पाच ओळींचे टिपण पाठव. कर्ता कोठे लपला आहे आणि तो समोर आला असता तर बातमीचे काय झाले असते, एवढेच त्यात लिही. ल्योतार यांचे नाव तूर्त एकाही टिपणात नको.

कळावे.
तुझा मार्गदर्शक