मिठाच्या पाण्यात पेशी आकसत नाही? आधी आयोडीनची बाटली बाजूला ठेवा

ताई, तुमच्या चार ओळींत दोन वेगळ्या अडचणी आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याच्या सालीत केंद्रक छान दिसलं, पण मिठाचं पाणी सोडल्यावर पेशी आकसलीच नाही, ही एक. शाळा बघायला आलेल्या साहेबांनी पेशीच्या तक्त्यावर बोट ठेवून "तंतुकणिका आणि हरितलवकं कुठे आहेत?" असं विचारलं (पहिल्या पेशीला ऊर्जा पुरवतात, दुसऱ्यांत वनस्पतीचं हिरवं द्रव्य असतं), ही दुसरी. साल कशी सोलायची, कव्हरस्लिप (झाकायची पातळ काच) तिरपी कशी सोडायची, जाड काळ्या कडेचे गोल म्हणजे हवेचे बुडबुडे, हे सगळं सोडतो. ते जमलं नसतं तर केंद्रक दिसलंच नसतं.

पेशी आकसली नाही, कारण ती मेली होती. तुम्ही आयोडीन आधी टाकलंत. प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीतल्या द्रवाभोवतीचा पातळ पडदा, शाबूत असतं तोवर पाणी आत-बाहेर जाऊ देतं आणि मीठ बरंचसं अडवतं, म्हणूनच बाहेर खारट पाणी आलं की आतलं पाणी निघून जातं. आयोडीनने पटल बिघडतं. मग मीठ सरळ आत शिरतं, दोन्हीकडे सारखंच होतं, आणि पाण्याला बाहेर जायचं कारणच उरत नाही. केंद्रक मात्र पिवळं-तपकिरी, ठळक दिसतं, त्यामुळे स्लाइड उत्तम झाली असंच वाटत राहतं. फसगत इथेच होते.

चूक तुमची नाही. शाळांना वाटलेल्या एका संचातल्या छापील कृतीत प्रत्येक स्लाइडची पहिली पायरी "आयोडीनचा एक थेंब टाका" हीच आहे. मिठाच्या प्रयोगालाही तेच. दुरुस्ती करा म्हणून लेखी कळवलं, तर उलट टपाली संच मिळाल्याची पोच मागितली. कार्यालयाचं नाव घेत नाही, पण त्या एका ओळीपायी वर्गच्या वर्ग "प्रद्रव्यपटलाचं कार्य" नुसतं पाठ करून पुढे जातात.

आता असं करा. लाल कांदा घ्या. मांसल पापुद्र्याच्या बाहेरच्या, फुगीर बाजूची जांभळी साल काढा, आतली पांढरी नको. तो जांभळा रंग रिक्तिकेतल्या (पेशीच्या आतल्या पिशवीतल्या) रसात असतो, त्यामुळे वेगळा रंग द्यावाच लागत नाही. साल पाण्याच्या थेंबात ठेवून झाका आणि आधी १०० पटीत बघा: रंग भिंतीपासून भिंतीपर्यंत भरलेला दिसेल. मिठाचं पाणी ४ टक्के करा, म्हणजे १०० मिलिलिटरला ४ ग्रॅम. काटा नसेल तर चहाचा एक सपाट चमचा मीठ साधारण ५ ते ६ ग्रॅम भरतं, ते १२५ ते १५० मिलिलिटर पाण्यात टाका. कव्हरस्लिपच्या एका कडेला दोन थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टीपकागद लावून पाणी ओढून घ्या. दोन-तीनदा ओढा. काही मिनिटांत जांभळा भाग भिंतीपासून सुटून आत गोळा होतो. त्याच्या कडेला प्रद्रव्यपटल आणि जागच्या जागी राहते ती पेशीभित्तिका, म्हणजे बाहेरची कडक भिंत. दोन्हींतला फरक दाखवायला याहून चांगली स्लाइड मला तरी माहीत नाही.

फार वेळ ठेवू नका, मीठही वाढवू नका, पेशी मरतात. लगेच त्याच पद्धतीने साधं पाणी ओढा. जांभळा भाग परत पसरला तर पेशी जिवंत होती. खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणी खारट असलेल्या भागात, असाल तर हापशीचं पाणी नको, कॅनचं किंवा पावसाचं घ्या. उन्हाळ्यात आपल्याकडे थेंब बघता बघता वाळतो, कडेला पाणी देत राहा. सूक्ष्मदर्शकाच्या आरशावर थेट ऊन घेऊ नका, डोळ्याला इजा होते. आकाशाचा उजेड पुरतो.

साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट द्या: कांद्याच्या त्या सालीत हरितलवकं नसतातच, उजेडाबाहेर वाढलेला भाग आहे तो. तंतुकणिका असतात, पण रंगहीन आणि जेमतेम अर्धा ते एक मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड, शाळेच्या सूक्ष्मदर्शकात न रंगवता ओळखू येत नाहीत. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादाच सुमारे ०.२ मायक्रोमीटर. रायबोझोम, म्हणजे प्रथिनं बनवणारा कण, त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, त्यामुळे तो दिसायचा प्रश्नच नाही. लयकारिका, म्हणजे पेशीतला टाकाऊ माल पचवणाऱ्या पिशव्या, तर १९५५ मध्ये बेल्जियमचे शास्त्रज्ञ ख्रिश्चन द दुव यांच्या गटाने रासायनिक कामावरून ओळखल्या. तक्ता म्हणजे अनेक पेशींत सापडलेले भाग एकाच चित्रात कोंबलेले, असा जिन्नस एका पेशीत शोधू नये. (परीक्षेत मात्र पुस्तकातलीच आकृती काढायला लावा. गुण तिथेच आहेत.)

हरितलवकं हवी असतील तर हायड्रिला या पाणवनस्पतीचं कोवळं पान. भंडारा-गोंदियाकडच्या तळ्यांत भरपूर मिळतं. पान दोनच थर जाड, कापायची गरज नाही. थोडा वेळ उजेडात ठेवून ४०० पटीत बघा, हिरवे दाणे पेशीच्या कडेकडेने सरकताना दिसतील. इथेही आयोडीन नको, सगळं जागीच थांबतं.

पेशीभित्तिकेसाठी आणखी एक: पऱ्हाटीच्या बोंडातला एक तंतू. सरकीच्या सालीवरची ती एकच लांबलेली पेशी, अडीच-तीन सेंटिमीटरची. आतलं पेशीद्रव्य वाळून गेलेलं असतं, उरते जवळपास नुसती सेल्युलोजची भिंत, पीळ पडलेल्या पट्टीसारखी. वावरातून आणलेल्या कापसाच्या तंतूला मुलं "पेशी" म्हणायला आधी तयार होत नाहीत. वाद होऊ द्या.

प्राणिपेशीला गालाच्या आतलं खरवडून घ्या, टूथपिकची बोथट बाजू, ज्याची त्याला नवी, वापरून झाली की जाळून टाका. तुमच्याकडे मनाई असेल तर करू नका, नियम जागोजाग वेगळे असू शकतात. पाण्याऐवजी ०.९ टक्के मिठाचं पाणी घ्या, लिटरला ९ ग्रॅम. प्राणिपेशीला भिंत नसते, साध्या पाण्यात ती फुगते. गालाची पेशी तग धरते, तांबडी रक्तपेशी फुटते. रंगवायला मिथिलीन ब्लू हे निळं रंगद्रव्य घ्या, पण अगदी फिकं ठेवा, गडद झालं की केंद्रक आणि पेशीद्रव्य एकाच निळ्यात जातं.

अहवालात "दिसलेले भाग" आणि "तक्त्यावरून सांगितलेले भाग" असे दोन रकाने स्वतःच आखा. छापील नमुन्यात दुसरा रकाना नसतो, पण जोडपत्र लावायला कुणी अडवत नाही.