वाचकांचे प्रश्न : स्कूटरचे तेल आणि घरच्या घरी झालेल्या चुका

पावसाळा सरत आला की स्कूटरच्या तेलाविषयीची पत्रे वाढतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पहिल्या पत्रातील चूक इतक्या घरांत घडते की त्याला जागा थोडी अधिक दिली आहे.

प्रश्न : माझ्या ११० सीसी स्कूटरचे ऑइल मी या वेळी घरीच बदलले. खालचा बोल्ट काढल्यावर जेमतेम चहाचा एक कप भरेल इतकेच तेल निघाले. गाडीने तेल खाल्ले असावे असे समजून मी नवी ७०० मिलीची बाटली पूर्ण रिकामी केली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या रेल्वे गेटपर्यंत जाऊन आलो, तर सायलेन्सरमधून धूर येऊ लागला आणि मागच्या चाकाकडून कण्हल्यासारखा आवाज येतो आहे. काय करावे?
— एक वाचक, अनगोळ

उत्तर : गाडी आता सुरू करू नका. ती गॅरेजपर्यंत चालवत नेण्याचा मोहही टाळा, कारण ही चूक अंगणातच दुरुस्त होण्यासारखी आहे. आपण इंजिनाचे नव्हे, तर गिअरबॉक्सचे तेल सोडले आहे. ज्या गाडीला आपण बिनगिअरची म्हणतो, तिलाही मागच्या चाकाजवळ दातेरी चाकांची एक छोटी पेटी असते आणि तिचे तेल इंजिनाच्या तेलापासून अगदी वेगळे राहते. ११० ते १२५ सीसीच्या बहुतेक स्कूटरच्या इंजिनात साधारण ६५० ते ८०० मिली तेल लागते, तर या पेटीत १०० ते १२० मिली. आपल्या हाती आलेला तो एक कप म्हणजे नेमके हेच तेल होते. गाडीने तेल खाल्ले असते, तर उरलेले तेल काळेकुट्ट आणि जळका वास येणारे दिसले असते.

परिणामी गिअरबॉक्स कोरडा पडला आणि इंजिनात जुने व नवे मिळून जवळजवळ दुप्पट तेल साचले. जास्तीच्या तेलात क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, बुडून फिरू लागतो, तेलाचा फेस होतो आणि दाबामुळे ते हवेच्या नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जाते. तेथून ते पुन्हा इंजिनात ओढले जाऊन जळते. आपल्याला दिसलेला धूर तोच. कण्हण्याचा आवाज मात्र कोरड्या दातांचा आहे आणि मला धुरापेक्षा त्याची काळजी अधिक वाटते.

गाडी सपाट जागेवर डबल स्टँडला लावा आणि इंजिनाचा बोल्ट शोधा. तो इंजिनाच्या पोटाखाली असतो. आपण उघडलेला बोल्ट डाव्या बाजूच्या लांबट पेटीच्या मागच्या टोकाला, चाकाला लागून होता. काही गाड्यांत इंजिनाखाली जाळीचे मोठे झाकणही असते आणि ते उघडताच स्प्रिंग व जाळी तेलासह खाली पडतात, म्हणून खाली रुंद घमेले ठेवा. निघालेले तेल मापाच्या भांड्यात मोजा. ते सव्वा लिटरच्या वर भरले, तर निदान पक्के झाले. त्यातले अर्धे नवे आहे म्हणून ते परत ओतण्याचा विचार करू नका. जुन्यात मिसळलेले तेल जुनेच समजावे. पुस्तिकेत दिलेल्या मापाचे व प्रतीचे नवे तेल घाला, इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करा आणि तेवढाच वेळ थांबून तेलाच्या झाकणाला जोडलेल्या मापाच्या काडीवर पातळी पाहा. बऱ्याच स्कूटरमध्ये ही काडी आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते. ती फिरवून पाहिली, तर पातळी असते त्याहून जास्त दिसते.

मात्र इंजिन असे सुरू करण्याआधीच गिअरबॉक्समध्ये तेल भरलेले हवे, हे विसरू नका. औषधांच्या दुकानात मिळणारी ५० मिलीची मोठी सिरिंज आणि वीतभर नळी यांनी ते काम नरसाळ्यापेक्षा नीट होते. काही कंपन्या येथेही इंजिनाचेच तेल सांगतात, तर काही ८०-डब्ल्यू-९० सारखे जाड गिअर ऑइल सांगतात. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीवरून अंदाज बांधू नये. एअर फिल्टरच्या डब्याखाली बूच लावलेली एक पारदर्शक नळी लोंबत असते, तिच्यात साचलेले तेल काढा आणि फिल्टर तेलाने भिजला असल्यास बदला. पाच-दहा किलोमीटर चालवूनही आवाज राहिला, तर गिअरबॉक्स उघडावाच लागेल. काढलेले तेल मात्र वाड्यातल्या विहिरीच्या आसपास किंवा गटारात ओतू नका. बंद डब्यातून गॅरेजवाल्याकडे द्या.

प्रश्न : आमच्या भागात पाऊस फार. तेलाचे झाकण उघडले तर आत दुधाच्या चहासारखा फेस दिसतो. इंजिनात पाणी गेले का?
— एक वाचक, जांबोटी परिसर, ता. खानापूर

उत्तर : फेस फक्त झाकणाच्या आतल्या बाजूला असेल आणि काडीवरचे तेल नेहमीच्या रंगाचे असेल, तर ती हवेतली वाफ आहे. रोज दोन किलोमीटरच गाडी चालवली की इंजिन पुरेसे तापत नाही आणि ही वाफ आतच राहते. आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग चालवल्यास ती निघून जाते. काडीवरचे तेलच दुधाळ असेल, तर मात्र पाणी शिरले आहे. अशा वेळी तेल बदला, नवे घालून काही मिनिटे इंजिन चालवा आणि तेही काढून पुन्हा नवे भरा. ओढ्याच्या पाण्यात चाक बुडाले असेल, तर गिअरबॉक्सचे तेलही तपासा. गाडी पुरात पूर्ण बुडाली असल्यास स्टार्टरचे बटण दाबूच नये.

प्रश्न : पुढच्या डिस्क ब्रेकच्या डबीत तेल कमी दिसले म्हणून भावाने घरात उरलेले थोडे इंजिन ऑइल तीत घातले. पुढील आठवड्यात चोर्ला घाटाने गोव्याला जायचे आहे. चालेल का?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : चालणार नाही, बाजारापर्यंतसुद्धा ही गाडी नेऊ नका. आजच्या पत्रांतील ही एकच चूक जिवाशी खेळणारी आहे. ब्रेकमधले रबर खनिज तेलाने फुगते आणि मग ब्रेक एक तर सुटत नाही किंवा लागत नाही. नुसते तेल काढून भागत नाही. मास्टर सिलिंडर (हँडलवरच्या डबीखालचा, तेलाला दाब देणारा भाग), कॅलिपर (चाकाजवळ पॅड दाबणारा भाग) आणि नळी यांतील रबराचे सर्व भाग बदलून आतली वाट धुवावी लागते. हे काम अनुभवी मिस्त्रीकडूनच करून घ्या आणि नेमके काय घातले होते ते त्याला न लाजता सांगा.

नवे तेल डबीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच घाला. डॉट ४ प्रतीचे ब्रेकचे तेल ताजे असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळते, पण त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की १५५ अंशांनाच उकळू शकते. स्कूटरला घाट उतरताना इंजिनाची रोख फारशी मिळत नाही, त्यामुळे सारा भार ब्रेकवर येतो. चोर्ल्याच्या वळणांवर जुने तेल उकळले, तर ब्रेकचा दांडा हँडलला टेकतो आणि गाडी थांबत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी हे तेल बदलावे. डबीतली पातळी पॅड झिजल्यानेही उतरते, हेही भावाला सांगा. तेल रंगावर सांडले, तर पुसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. मी चिंधीने पुसत बसलो होतो. माझ्या हँडलच्या कव्हरवर रुपयाएवढा डाग आजही आहे.

प्रश्न : तेलाचा बोल्ट घट्ट करूनही थेंब थेंब गळते आणि आता बोल्ट नुसताच फिरतो. एम-सील लावावे का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : एम-सील तेलकट धातूला धरत नाही आणि धरले तरी पुढच्या वेळी ते फोडावे लागेल. गळती बहुधा जुन्या वायसरमुळे सुरू झाली. अॅल्युमिनियमचा तो वायसर दाबला गेला की त्याचे काम संपते, म्हणून प्रत्येक वेळी नवा घालायचा असतो. तो न बदलता लांब पान्याने जोर लावला, की अॅल्युमिनियमच्या चेंबरचे, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचाचे, आटे जातात. आता आटे नव्याने पाडून आत पोलादी बुश बसवावा लागेल. बेळगावला येणे होत असेल, तर उद्यमबागेत अशी कामे करणारे लेथवाले आहेत. चेंबर बदला असे कोणी म्हणाले, तर त्याआधी तेथे विचारून पाहा.