विजेटला हात लावण्याआधी

हे पाय गड्या, जीटीकेत (खिडक्या-बटणं बनवायच्या लायब्ररीत) नवं विजेट, म्हणजे बटणासारखा पडद्यावरचा घटक, घालायची घाई करू नको. आधी त्याच्या आकाराचं मोजमाप कसं होते ते समजून घे. डिसेंबर 2020 मध्ये आलेल्या जीटीके 4 ने कंटेनरचा (दुसरी विजेटं पोटात ठेवणारा) जुना क्लास काढून टाकला; आता कोणतंही विजेट आपली चाइल्ड, म्हणजे आतली, विजेटं स्वतः सांभाळते. म्हणून जुने धडे पाहून लिहिलेला कोड अडतो. डिस्पोजमध्ये (विजेट मोडताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) प्रत्येक चाइल्ड अनपॅरेंट कर, म्हणजे वरच्या विजेटपासून सोडव, नाहीतर टर्मिनलवर इशारे येत राहतील.

बाजार समितीसाठी तू केलेली खिडकी पाहिली, मनापासून आवडली. पण ‘तूर खरेदी केंद्र’ या बटणावर वरची मात्रा कापली जाते, कारण उंची तू पिक्सेलात ठोकून दिली. मेझर फंक्शनमध्ये (विजेटला किती जागा लागते ते सांगणाऱ्या) किमान आणि नैसर्गिक असे दोन आकार सांगायचे असतात, आणि मजकुराचे आकडे पँगोकडून (अक्षरं मांडणाऱ्या लायब्ररीकडून) घ्यायचे. आपल्या मात्रा-उकारांना किती जागा लागते ते त्याला बरोबर कळते.

विजेटचा नुसता रंग बदलला तर क्यू-ड्रॉ (फक्त पुन्हा रंगवायला सांगणारं फंक्शन) पुरे. क्यू-रीसाइझ केलं की मांडणी पुन्हा मोजली जाते. गावातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ते लगेच जाणवते.

लाइनीचा भरोसा नाही, म्हणून जीटीकेचा कोड गिटने डेप्थ 1 देऊन क्लोन कर, म्हणजे जुना इतिहास सोडून फक्त ताजी प्रत उतरते. पहिलं बिल्ड वेळ खाते, मग निन्जा (बिल्ड करणारं टूल) बदललेलंच कंपाइल करते. पहिल्या पॅचमध्ये (पाठवायच्या दुरुस्तीत) एकच दोष घे, अन् सोबत तो दाखवणारी छोटी टेस्ट जोड.