पाळी लांबू लागलेल्या ताईंसाठी
ताई, सलग 12 महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे डॉक्टर मानतात. त्याआधीची काही वर्षे मात्र अनियमित पाळी, रात्रीचा घाम आणि विनाकारण येणारे रडू यांत जाऊ शकतात. पहाटे तीनला माझा गाऊन भिजून पाठीला चिकटत असे, तरी मी घरात कोणाला सांगितले नाही, हे माझे चुकलेच. तुम्ही यजमानांना आणि मुलांना स्पष्ट सांगा. चिडचिडीचे मूळ कळले की माणसे सांभाळून घेतात. थायरॉइडची लक्षणेही बरीचशी अशीच असतात, म्हणून ती तपासणी करून घ्या. हाडांसाठी पर्वतीच्या पायऱ्या चांगल्या, पण गुडघे दुखत असल्यास सपाटीवरच चालावे. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर थेंबभर जरी रक्त दिसले, तरी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे लगेच जा.