मुंबईत खासगी गाड्यांवर लंडनसारखा कंजेशन चार्ज लावला तर ट्रॅफिक आणि प्रदूषण कमी होईल का?

होईल, पण कंजेशन चार्ज, म्हणजे गर्दीच्या भागात गाडी न्यायचे पैसे, लावण्याआधी बसला रस्ता मोकळा करून द्या. नुसता चार्ज लावलात तर ज्याला परवडतं तो भरेल आणि बाकीचे कुर्ल्याच्या गर्दीत लटकतील.

मी बेस्टमध्ये कंडक्टर होतो. बरीच वर्षं 310 वर, वांद्रे पूर्व ते कुर्ला, बीकेसीमधून, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातून. पहाटेच्या फेरीला वीस-पंचवीस मिनिटांत कुर्ला, संध्याकाळी त्याच रस्त्याला सव्वा तास. एका संध्याकाळी गाडी बीकेसीत उभी राहिली ती हलेचना. पुढे उभी असलेली एक बाई म्हणाली, "मास्तर, मला इथंच उतरू द्या, चालत जाते. माझी कर्जत चुकेल." तिच्यामागे दहा-बारा जण उतरले. मीही उतरलो आणि पुढच्या गाड्या मोजत सिग्नलपर्यंत गेलो. 41 कार, आत माणसं 54. माझ्या एकट्या बसमध्ये, उतरलेले धरून, 83. कागदावर लिहून ठेवलं, तो कागद अजून आहे.

लोकांना वाटतं, बस उशिरा येते म्हणजे ड्रायव्हर-कंडक्टर चहा पीत बसलेत. पाच फेऱ्या व्हायच्या तिथे तीन होतात हो! गाडी तीच, पगार तोच, फेऱ्या कमी. मग दोन बस एकापाठोपाठ येतात, पहिली खच्चून भरलेली, दुसरी मोकळी. स्टॉपवरचा माणूस वैतागतो, हप्त्यावर कार घेतो आणि बसच्या पुढच्या रांगेत आणखी एक कार वाढते.

माझा जावई ठाण्याहून बीकेसीला कारने एकटा येतो. म्हणतो, "बाबा, मी टॅक्स भरतो, रस्त्यावर माझा हक्क नाही का?" आहे ना, एका माणसापुरता आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या पाचही टोलनाक्यांवर कारचा टोल माफ झाला. मे 2025 मध्ये बसचं किमान तिकीट 5 चं 10 रुपये झालं. कारवाल्याला सूट आणि बसवाल्यावर बोजा, हे धोरण साफ चूक आहे. जेवायला बसल्यावर त्याला हेच सांगितलं, तर ताटावरून उठला.

लंडनने 17 फेब्रुवारी 2003 ला 5 पौंडांचा चार्ज लावला, तेव्हाच तीनशेच्या आसपास जादा बस रस्त्यावर आणल्या. वसुली वाहतुकीवरच खर्च करायची, असं कायद्याचं बंधन होतं. पहिल्या वर्षी चार्ज लावलेल्या भागात शिरणाऱ्या गाड्या साधारण 18 टक्क्यांनी कमी झाल्या.

आपल्याकडे कलानगर ते कुर्ला एक लेन फक्त बसला द्या, मध्ये कठडा घाला. नुसता रंगाचा पट्टा कोणी जुमानत नाही. कोणी घुसला तर कॅमेऱ्यावरून चलान. फुकटचं पार्किंग बंद करा, मग चार्ज लावा. पेशंट घेऊन जाणाऱ्या आणि अपंगांच्या गाड्या अर्थात वगळा.

प्रदूषणाचं राहिलंच. मुंबईची हवा एकट्या कारने बिघडलेली नाही, बांधकामाची धूळही आहे. जावयाने आता इलेक्ट्रिक कार घेतली आणि म्हणतो, माझ्यापुरता प्रश्न मिटला. त्याच्या गाडीचा धूर गेला हे खरं. टायरची आणि रस्त्याची धूळ उडतेच, आणि सिग्नलला ती कार 310 च्या पुढे आधीच्या गाडीएवढीच जागा अडवून उभी असते.