पाच खणांचं घर आणि लुगड्यांची ट्रंक

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, आई जाऊन सहा महिने झाले. तिच्या साड्यांची एक गोधडी करून वडिलांना द्यावी असं आम्हा भावंडांच्या मनात आहे. पण साड्या बहुतेक सगळ्या सिंथेटिक, सुती फक्त दोन. जाडी यावी म्हणून आत घरातली जुनी सोलापुरी चादर घातली तर चालेल का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : चादर आत घालू नका. आपली चादर जकार्ड मागावर विणलेली, मुळातच दुहेरी कापडाची. म्हणून तर ती उलटली की तीच नक्षी उलट्या रंगात दिसते. तिच्यातून हातानं टाका घालताना बोटं सोलतात आणि एकदा भिजली की ती गोधडी दोघांना पिळवत नाही. चादर तशीच पांघरा, तिला शिवायची गरज नाही.

सिंथेटिक साड्यांचं कापड घाम शोषत नाही, शिवताना एकावर एक घसरतं आणि धुतल्यावर सुती थर आटतो, ते आटत नाही, त्यामुळे चुण्या पडतात. वडील रोज पांघरणार असतील तर दोन सुती साड्यांचीच हलकी गोधडी करा. आईची फार आवडती एखादी सिंथेटिक साडी असेल तर तिची चार बोटं रुंद पट्टी कडेला लावा. तेवढीही ओळखू येते.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी शुक्रवार पेठेत राहते, वय 54. आमचं घर पाच खणांचं, माळवदाचं, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर. पुढे बसायउठायची ढाळज, मागे परस, भिंतीत धान्याचं बळद. सासरे 2009 साली गेले. आता माळवद गळतं, कडीपाटाला वाळवी लागली आहे. घर विकायचं ठरलं आहे आणि अक्षय्य तृतीयेला ताबा द्यायचा आहे. आम्ही विजापूर रोडच्या बाजूला फ्लॅट घेतला.

सासूबाई 82 वर्षांच्या आहेत. घराचा विषय काढला की उठून परसात जातात. त्यांच्या लुगड्यांची पत्र्याची ट्रंक आहे, ती कुणाला उघडू देत नाहीत. मी त्या देवळात गेल्या असताना पाहिलं : नऊवारी अकरा, त्यात चार इरकली. एक तर जागोजागी विरलेलं. माझ्या मनात आलं, त्यांना न सांगता या लुगड्यांच्या सहा गोधड्या कराव्यात, घरातल्या प्रत्येकाला एक, आणि नव्या घराच्या वास्तुशांतीला त्यांच्यापुढे ठेवाव्यात. त्यांना किती आनंद होईल! एका लुगड्याच्या आतल्या टोकाचा तुकडा सोबत पाठवते. सुती आहे का ते सांगा. किती कापड लागेल, किती दिवस लागतील?

अजून एक. नणंदबाई लातूरला असतात. हक्कसोडपत्रावर सही करायला त्या तयार आहेत. म्हणाल्या, मला काही नको, आईचं एक लुगडं तेवढं द्या. घरातले म्हणतात, सुटलो. मला मात्र रात्री झोप येत नाही.
– तुमची वाचक, सोलापूर

उत्तर : न सांगता करू नका. बाकी सगळं नंतर सांगते, पण हे आधी. कात्री लावली नसेल तर थांबा.

मी हे केलेलं आहे. आमचं साखर पेठेतलं घर आम्ही 1998 साली सोडलं, जुळे सोलापुरात आलो. सासूबाई पंधरा दिवस लेकीकडे अक्कलकोटला गेल्या होत्या. मला वाटलं, हीच वेळ. शेजारच्या काकू, त्यांच्या घरी माग होते, त्या मदतीला आल्या. दोघींनी ट्रंक रिकामी केली. चांगल्या काठापदराची लुगडी वरच्या बाजूला घेतली, विटलेली आत घातली. पंधरा दिवस रात्री जागून दोन गोधड्या पुऱ्या केल्या. कौतुकाची वाट बघत मी त्यांच्या अंथरुणावर त्या घडी करून ठेवल्या.

सासूबाई आल्या. दोन्ही गोधड्या उलगडून, उलटून-पालटून बघितल्या. मग विचारलं, "चॉकलेटी कुठाय?" मी म्हटलं, "आत घातलंय, फार विटलं होतं." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्या भावाची शेवटची भाऊबीज होती गं ती." मी उसवून देते म्हटलं, तर नको म्हणाल्या. "राहू दे, टाके घातलीस की आता." त्यानंतर अकरा वर्षं त्या तीच गोधडी पांघरत होत्या. झोप येईपर्यंत त्यांची बोटं कडेकडेनं फिरायची. आतल्या त्या लुगड्याचा काठ जाड होता, तो एका बाजूला हाताला लागायचा. मला रागानं कधी एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

म्हणून सांगते, कुठलं लुगडं वर येईल आणि कुठलं आत जाईल हे तुमच्या सासूबाईंनी ठरवायचं. विरलेलं म्हणून तुम्ही बाजूला काढाल, तेच त्यांना सगळ्यात आधी हवं असेल. चार इरकली आहेत म्हणालात. तीच तेवढी दिसायला चांगली म्हणून वर घ्याल. पण त्यांतलं एखादं कुणीतरी मान म्हणून नेसवलेलं, त्यांनी दोनदाही न नेसलेलं असू शकतं. लुगड्याकडे बघून हे कळत नाही.

घराचा विषय त्यांच्यापाशी काढूच नका. लुगड्याचा काढा. दुपारी कामं आटोपली की ढाळजेत सतरंजी घाला, ट्रंक तिथे आणा आणि कुलूप त्यांना उघडू द्या. गुडघे दुखत असतील तर पाटावर बसवा, पण खाली बसवा, खुर्चीत नको. लुगडं मांडीवर यायला हवं. एकेक हातात द्या आणि एवढंच विचारा : हे कधीचं? त्या पहिल्या दिवशी दोनच सांगतील. पुरे. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. 1877 पासून गिरण्यांच्या भोंग्यावर चाललेलं हे गाव. आमच्या सासूबाईंचं तर वर्षाला एकच नवं लुगडं, तेही सासऱ्यांच्या बोनसवर. लुगड्यावरून साल निघायचं, सालावरून बाळंतपण निघायचं, आणि तिथून माळवदावर पांढरी माती कधी टाकली, बळदातली ज्वारी कुठल्या दुष्काळात खरवडून काढली, सगळं निघायचं. हे मला पुढे उरलेल्या चार लुगड्यांवरून कळलं. कापलेल्यांचं कळायचं राहून गेलं. नातवंडांपैकी कुणाला तरी शेजारी वही घेऊन बसवा. ज्या लुगड्याचं जे सांगितलं ते चिठ्ठीवर लिहून काठाला टाचा.

आता कापडाचा हिशेब. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. लुगड्याचे सारखे चार तुकडे केले तर प्रत्येक दोन मीटरहून थोडा जास्त, म्हणजे पावणेसात फूट लांब. पन्हा साधारण चार फूट. चारही तुकडे एकावर एक घातले की एका माणसाच्या गोधडीचे चार पदर झाले. आपल्याकडच्या थंडीला चार पदर पुरतात. पण एकच लुगडं सबंध एका गोधडीत घालू नका. दोन लुगड्यांचे दोन-दोन तुकडे एकत्र करा, म्हणजे दोन्ही गोधड्यांच्या वाट्याला दोन्ही लुगडी येतात. कापण्याआधी प्रत्येक तुकडा हातानं ताणून बघा. नऊवारी बसण्याच्या जागी आणि कासोट्याला आधी विरते, पदराकडची बाजू टिकते. विरलेला भाग मध्ये घ्या, पण विचारून. दंड घातलेलं एखादं निघालं, दोन जुन्या लुगड्यांची चांगली अर्धी जोडून केलेलं, तर तो दंड उसवू नका. ती शिवण त्यांच्या हातची असेल.

इरकलीच्या पदराचा भाग सुताचा नसतो, रेशमासारखा गुळगुळीत असतो. तो रोजच्या धुण्यात टिकणार नाही. पदर वेगळे काढून ठेवा, त्यांच्या उश्यांच्या खोळी होतील. लाल काठांचा रंग जातो का तेही बघा : पांढरं फडकं ओलं करून काठावर थोडा वेळ दाबून धरा. फडक्याला रंग लागला तर ते लुगडं दोन-तीनदा वेगळं धुऊन घ्या. डांबरगोळ्यांचा वास जाईपर्यंत सगळी माळवदावर वाळत घाला. फ्लॅटच्या गॅलरीत नऊ वार लुगडं पसरता येत नाही, हे तुम्हाला पुढच्या वर्षी कळेल.

तसंच जमिनीचं. गोधडी घालायला सात फूट बाय पाच फूट मोकळी, सपाट जमीन लागते आणि ती कितीतरी दिवस अडवून ठेवावी लागते. नव्या हॉलमध्ये सोफा आला की ती मिळत नाही. म्हणून गोधड्या शिवायच्या असतील तर याच घरात, ढाळजेत शिवा. त्यासाठी वास्तुशांतीची वाट बघू नका. पदर अंथरून मधून बाहेरच्या दिशेनं कच्चे टाके घाला, नाहीतर कापड गोळा होतं. मग कडेपासून धावदोरा सुरू करून चारी बाजूंनी आत आत यायचं, दोन ओळींत बोटभर अंतर. सुई लांब घ्या, दाभण नको, जुन्या कापडाला त्यानं भोकं पडतात. दोरा सुतीच.

मला रोज दुपारी दोन-अडीच तास बसून एक गोधडी महिना-सव्वा महिना लागते. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा आत्ताच झाली, अक्षय्य तृतीया तीन महिन्यांवर. सहा होणार नाहीत. तुम्ही एकट्या बसलात तर दोन होतील. शेजारच्या दोघी-तिघी चार कडांना बसल्या तर तीन-चार होतील, आणि बायका बसल्या की सासूबाई परसात जाऊन बसणार नाहीत, हे मी खात्रीनं सांगते. त्यांच्या डोळ्यांना सुई दिसत नसेल तर त्यांना दोरा मेणावरून ओढायला द्या. आमच्याकडे शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आत चिमूटभर हळदकुंकू घालतात. तो कोपरा त्यांच्यासाठी ठेवा. उरलेल्या तुकड्यांची नातवंडांना दुपटी होतील. घरात आज तान्हं नाही म्हणून थांबू नका.

आणि दोन-तीन लुगडी अजिबात कापू नका. ट्रंक नव्या घरात न्या. ती तुमच्या वॉर्डरोबशेजारी शोभणार नाही, गंजलेलीही असेल. तरी न्या आणि कुलूपकिल्ली त्यांच्याकडेच राहू द्या. पाच खणांचं घर हातातून जाताना एवढी एक जागा तरी त्यांच्या हुकमाची असावी.

नणंदबाईंबद्दल मी स्पष्ट बोलते, राग मानू नका. घर सासऱ्यांच्या नावावर होतं आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं सासूबाई, मुलगे आणि मुलगी, सगळ्यांचा हिस्सा सारखा. घर वडिलोपार्जित असेल तर 2005 च्या दुरुस्तीनंतर त्यातही मुलीचा हक्क मुलाइतकाच. म्हणजे सही करून त्या काय सोडताहेत हे त्यांना आकड्यात माहीत असायला हवं. तुमच्या यजमानांनी लातूरला जाऊन, विक्रीची रक्कम सांगून, तुझा वाटा इतका होतो असं तोंडानं म्हणायला हवं. मग त्यांना नको असेल तर तो त्यांचा मोठेपणा. पण लुगड्याला सहीशी बांधू नका. लुगडं त्यांच्या आईचं आहे, ते त्यांना कागदाआधी मिळायला हवं, आणि कुठलं द्यायचं ते आईनं आपल्या हातानं काढून द्यायला हवं. ढाळजेत बसाल तेव्हा त्यांना चार दिवस बोलावून घ्या. लेक समोर असली की सासूबाई जे सांगतील ते तुम्हाला एकटीला सांगणार नाहीत. यात कमीपणा नाही. तुमची झोप उडाली आहे, त्या अर्थी हे तुम्हालाही ठाऊक आहे.

घर पाडायच्या दिवशी त्यांना तिथे न्यायचं की नाही, असं पुढे घरात कुणीतरी विचारेल. तेव्हाही त्यांनाच विचारा. जाते म्हणाल्या तर रिक्षा करून न्या आणि त्या निघू या म्हणेपर्यंत थांबा.

तुम्ही पाठवलेला तुकडा सुती आहे. त्याचे दोन धागे मी जाळून पाहिले : कागदासारखा वास आला, मऊ राख झाली, गाठ राहिली नाही. बाकीचा तुकडा याच पाकिटातून परत पाठवते आहे. ट्रंक उघडाल त्या दुपारी तो आधी सासूबाईंच्या हातात द्या आणि कुठल्या लुगड्याचा, कधी कापलात, ते त्यांना सांगा.